मुंगीच्या घरी कोण कळवणार

त्या रविवारी दत्ताजीराव सरनोबतांच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या. एक, पंधरा दिवसांचा चेकोस्लोव्हाकियाचा प्रवास, जाऊन-येऊन विमानाने. दोन, सोमवारच्या वर्तमानपत्रात फोटो. आणि तीन, साडूचं तोंड कायमचं बंद. साडू दोन वर्षांपूर्वी सिंगापूरला जाऊन आला होता आणि तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्यात पंगतीला सिंगापूरच वाढत होता.

मला एकच गोष्ट हवी होती. अडचण एवढीच, की ती सरनोबतांच्या यादीतली पहिली होती.

"चौगुले, हे मुंगीचं तू घुसडलंयस," सरनोबत म्हणाले.

शनिवारची दुपार होती. त्यांच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, पडद्यावर रंगवलेल्या ताजमहालासमोर आम्ही दोघं स्टुलांवर बसलो होतो. माझ्या अक्षरातले कागद त्यांच्या मांडीवर होते.

"पोरगी पायरीवरून पडते आणि तिचा आजोबा म्हणतो, बघ, मुंगी मेली. हे आपल्याकडचं आहे की. रूपांतर कर म्हणालो, एवढं रूपांतर नको. उद्या लेखक समोर बसणार आहे."

"मुळातच आहे."

"चेक लोकांत मुंगी मेली?"

"शब्दाला शब्द."

"शपथ घे."

"अंबाबाईची."

कोल्हापुरात ही शपथ खोटी घेत नाहीत. सरनोबतांनी पान उलटलं, पण मान हलवत उलटलं.

सरनोबत आमच्या चित्रमंडळाचे चिटणीस. एक्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात मंडळाकडे मुंबईहून सात रविवारांसाठी मुलांचे सात चेक चित्रपट आले होते. सोळा मिलिमीटरच्या प्रती, खाली इंग्रजी ओळी नाहीत, आणि असत्या तरी चौथीतल्या पोरांना काय उपयोग. सोबत टंकलेल्या संवादांचे गठ्ठे. पद्धत अशी ठरली होती, की मी त्या संवादांचं मराठी करायचं आणि सरनोबतांनी प्रोजेक्टरशेजारी माइक धरून सगळ्या पात्रांच्या वतीने बोलायचं. त्यांचा आवाज तालमीत कमावलेला. पाच वर्षांची पोरगी, तिची आई, शेजारीण, शाळेतल्या बाई, सगळ्या खासबागेत कुस्तीला उतरल्यासारख्या बोलत. पोरांना ते फार आवडायचं.

दारातल्या फलकावर 'मराठी रूपांतर व निवेदन: द. य. सरनोबत' असं होतं. माझं नाव नव्हतं, आणि त्यात सरनोबतांचा दोष नव्हता. मला कारखान्याने दोन वर्षं ब्रनो शहरात लेथ मशिनं शिकायला पाठवलं होतं आणि बदल्यात पाच वर्षांचा करार लिहून घेतला होता. बाहेरचं कुठलंही काम केलेलं चालणार नाही, असं त्यात कलम होतं. म्हणून सगळी भाषांतरं सरनोबतांच्या नावावर. त्यांनी ते नाव उदारपणे वापरू दिलं. पुढे पुढे त्यांना स्वतःलाच थोडं चेक येतं असं वाटायला लागलं होतं.

माझा करार तीस नोव्हेंबरला संपला. चित्रपटाचा लेखक कोल्हापुरात येणार होता सहा डिसेंबरला. आणि त्याच्या खिशात एक निमंत्रण असणार होतं, 'चेकमधून मराठीत भाषांतर करणाऱ्या व्यक्तीस', त्यांच्या देशातल्या मुलांच्या चित्रपट महोत्सवाचं. नावाची जागा कोरी होती. ती लेखकाने मंचावर भरायची होती.

मी चेकमध्ये दोन वाक्यं पाठ केली होती. अनुवाद मी केला आहे. सरनोबतांनी तो वाचला आहे. दुसरं वाक्य मी सभ्यपणा म्हणून घातलं होतं.

मला महोत्सव बघायचा नव्हता. ब्रनोतला एक माणूस बघायचा होता.

आमच्या वसतिगृहाच्या तळघरात बॉयलर होता आणि त्याला कोळसा घालायला हाव्रान नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांचा चष्मा, त्यांचं बोलणं आणि त्यांचं फावडं यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याच दारासमोर मी बर्फावरून सपशेल आडवा झालो आणि सवयीने स्वतःशी म्हणालो, मुंगी मेली. हाव्राननी मला उठवलं, स्वतःच्या डोक्यावरची हिरवी लोकरी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली आणि विचारलं, काय म्हणालास. मी मोडक्यातोडक्या चेकमध्ये सांगितलं. आमच्याकडे मूल पडलं की मोठी माणसं म्हणतात, बघ, तुझ्याखाली मुंगी मेली. मग ते रडायचं विसरतं आणि मुंगी शोधायला लागतं.

हाव्रान हसले नाहीत. ते म्हणाले, "आणि मुंगीच्या घरी कोण कळवतं?"

पुढची दोन वर्षं मी त्या तळघरात चेक शिकलो. ते आधी कोण होते हे कुणी बोलत नसे. शेवटी खोलीतल्या सोबत्याने एकदा नळ सोडून, पाण्याच्या आवाजात मला सांगितलं. ते लेखक होते. अडुसष्टला रशियाचे रणगाडे आल्यानंतर त्यांना लिहायची बंदी झाली होती. लिहिलं तरी छापायचं नाही, छापलं तर छापणाराही कोळसा घालायला जाईल. मी परत आल्यावर त्यांची चार पत्रं आली. एकोणऐंशीनंतर एकही नाही.

आणि आता दोन वर्षांनी, टंकलेल्या गठ्ठ्यातल्या सातव्या चित्रपटात, 'पाचवी पायरी' नावाच्या, पाच वर्षांची मुलगी पायरीवरून पडते. आजोबा म्हणतात मुंगी मेली. मुलगी रडायचं थांबते आणि विचारते, "तिच्या घरी कोण कळवणार?" पुढचा सव्वा तास ती मुंगीचं घर शोधत शहरभर फिरते.

खाली लेखकाचं नाव होतं ओताकार मिक्शा.

एवढं पुरेसं होतं. कुणीतरी हाव्रानची मुंगी उचलली होती. खरं म्हणजे माझी, पण मी ती त्यांना दिली होती.

"आणि हे," सरनोबत शनिवारी पुढे म्हणाले, "पोरगी काळ्या चौकटीचं कार्ड करते आणि घरोघर वाटते. तू लिहिलंयस 'अशुभाचं कार्ड'. सणासारखा रविवार, पोरं जमणार, आणि मी माइकवर अशुभ म्हणू?"

"त्यांच्याकडे माणूस गेला की तसं कार्ड छापून ओळखीच्यांना पाठवतात. आपल्याकडे पोस्टकार्डावर अशुभ लिहितात तसं."

"आपल्याकडे ते वाचून दारातच फाडतात. घरात ठेवत नाहीत."

"ते ठेवतात."

"म्हणून तिकडं एवढी थंडी," सरनोबत म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिलीने 'अशुभाचं' खोडून 'दुःखाचं' केलं.

रविवारी सकाळी नऊला शाळेचा हॉल तीनशे पोरांनी भरला. ओताकार मिक्शा साठीचे, उंच, पोक आलेले. दाराशी काढलेल्या चपलांच्या तीनशे जोडांकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनीही बूट काढले. त्यांच्याबरोबर करड्या सुटातले एक गृहस्थ होते. ते लेखक नव्हते, चित्रपटातले नव्हते, त्यांना मराठी येत नव्हतं आणि तरी ते कंटाळत नव्हते. अशा माणसाचं काम काय असतं ते मला ब्रनोत कळलं होतं. त्यांनी बूट काढले नाहीत.

माझं काम फक्त दुभाष्याचं, असं सरनोबतांनी त्यांना सांगितलं होतं. "थोडं थोडं चेक बोलतो. कामापुरतं."

चित्रपट झकास झाला. सरनोबतांची पाच वर्षांची मुलगी 'मुंगी मेली'ला आली तेव्हा हॉल असा हसला की मिक्शांनी मागे वळून पाहिलं. त्या जागी त्यांच्या देशात कुणी हसत नसावं.

दिवे लागले. मंचावर चार खुर्च्या होत्या. पोरांनी प्रश्न विचारायचे, मी चेक करायचं, उत्तराचं मराठी करायचं. मुलगी खरंच पडली का. आजोबा खरे आजोबा आहेत का. मिक्शा छोटी, चांगली उत्तरं देत होते. चोराला एवढी चांगली उत्तरं सुचतात याचा मला राग येत होता.

मग तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. नऊएक वर्षांची, दोन वेण्या, नाव कुंदा इंगवले. नाव विचारल्यावर हजेरीसारखं आडनाव आधी सांगितलं म्हणून लक्षात राहिलं.

"आम्ही पडलो की आमची आईपण मुंगी मेली म्हणते," ती म्हणाली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी करड्या सुटाकडे बघितलं नाही. मिक्शांना चेकमध्ये म्हणालो, "ती विचारतेय, मुंगीचं काम कुणी केलं."

"मुंगीनेच," मिक्शा म्हणाले. "सगळ्या नटांत तीच वेळेवर यायची."

मी मराठीत सांगितलं. हॉल हसला. कुंदा इंगवले बसली नाही.

"मी ते नाही विचारलं," ती म्हणाली.

तिची हिंमत बघून मागची पोरं ओरडायला लागली, आमची आजीपण म्हणते, आमचे काकापण. करड्या सुटाने सरनोबतांकडे झुकून इंग्रजीत विचारलं, मुलं काय म्हणताहेत. सरनोबतांना अशा संधी फार येत नव्हत्या. त्यांनी छान, स्वच्छ इंग्रजीत सगळं सांगितलं. ही आमची खास रीत आहे. जगात दुसरीकडे कुठे नाही. तुमच्या लेखकांना ती कशी कळली, असं मुलगी विचारतेय.

करडा सूट मिक्शांकडे वळला आणि चेकमध्ये, अगदी सौजन्याने म्हणाला, "मजेदार आहे. तुम्ही भारतात पहिल्यांदाच आलात ना?"

"हो."

"मग?"

मिक्शांनी स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं. "आमच्याकडेही म्हणतात. मोराव्हियात, कुठल्या कुठल्या खेड्यांत."

"मी मोराव्हियाचाच आहे," करडा सूट म्हणाला.

तीनशे पोरं आमच्याकडे बघत होती. त्यांना एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं.

मग तो माझ्याकडे वळला. "तुमचं चेक चांगलं आहे. थोडं थोडं नाही. कुठे शिकलात?"

"ब्रनोत."

"कुणाकडून?"

प्रश्न सरळ होता आणि वाटही सरळ होती. मुंगीपासून माझ्यापर्यंत, माझ्यापासून वसतिगृहापर्यंत, तिथून तेरा पायऱ्या उतरून तळघरात. मी पाठ केलेली दोन वाक्यं जिभेवर होती. त्यांच्या जागी तिसरंच बाहेर आलं.

"यांच्याकडून," मी म्हणालो, आणि मिक्शांकडे बोट केलं. "म्हणजे सगळं नाही. शहात्तर साली स्टेशनजवळ मी बर्फावरून पडलो. यांनी मला उचललं आणि बिअर पाजली. मुंगीचं मीच यांना सांगितलं. त्यांना आठवणार नाही. मी तेव्हा बारीक होतो."

बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय केलं ते. चोराला मालकीचा दाखला दिला होता, तोही साक्षीदार म्हणून, तीनशे पोरांसमोर.

मिक्शा माझ्याकडे वळले.

"आता ओळखलं," ते सावकाश म्हणाले. "तुमच्या डोक्यावर हिरवी टोपी होती."

टोपीबद्दल मी कोल्हापुरात कुणालाही बोललो नव्हतो. ती माझ्या ट्रंकेच्या तळाशी होती.

करड्या सुटाने वही काढली. माझं नाव, कारखान्याचं नाव, ब्रनोतली वर्षं, सगळं नीट विचारून लिहून घेतलं आणि आभार मानले. त्या वहीत नाव गेलेल्या माणसाला त्यांच्या देशाचा व्हिसा मिळत नाही, आणि मिळालाच तर तो कुठे कुठे जातो ते कुणीतरी मागून बघत असतं. मी मनात ब्रनोतल्या त्या तेरा पायऱ्या मोजल्या आणि वर आलो.

"काय म्हणाले ते?" कुंदा अजून उभी होती.

"यांच्या एका मित्राला आपल्याकडच्या माणसाने सांगितलं होतं," मी मराठीत म्हणालो. "बस आता."

ती बसली. तिच्यापुरतं उत्तर खरं होतं. त्या हॉलमध्ये त्या सकाळी फक्त तिलाच खरं उत्तर मिळालं.

मग मिक्शांनी खिशातून निमंत्रण काढलं आणि पेन उघडून मला चेकमध्ये विचारलं, "भाषांतर कुणाचं आहे?" विचारताना त्यांचं पेन माझ्याच दिशेला होतं.

"श्री. सरनोबतांचं," मी म्हणालो. "मी अक्षरं सांगतो."

सरनोबतांनी निमंत्रण दोन्ही हातांनी घेतलं, जसा आरतीचा प्रसाद. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की ते दोन मिनिटं दुसऱ्या कुणाचं होतं.

दुपारी सरनोबत करड्या सुटाला स्टुडिओत घेऊन गेले. कोल्हापूरला आलेल्या पाहुण्याचा फोटो काढल्याशिवाय ते त्याला सोडत नसत, आणि करडा सूट ताजमहालासमोर बसायला नाही म्हणू शकला नाही. मिक्शा आणि मी बाहेर फुटपाथवर राहिलो. आमच्याकडे एका फोटोइतका वेळ होता.

"बरे आहेत," मी न विचारताच मिक्शा म्हणाले. "खोकला आहे. पत्रं त्यांनी स्वतःच बंद केली, तुमच्यासाठी. कोल्हापूर हे नाव मला त्यांनी पाठ करायला लावलं होतं. दौऱ्याच्या यादीत दिसलं म्हणून मी आलो."

"चित्रपट त्यांचा आहे."

"चार आहेत त्यांचे. नाव माझं, पैसे त्यांचे. चांगलं लिहिलेलं आलं की माझी बायकोसुद्धा म्हणते, हे तू लिहिलंस? तुला जमणार नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "तिला सांगितलेलं नाही."

"तुम्हाला चालतं हे?"

"ठरलंय आमचं. लिहायचं त्यांनी, टाळ्या मी घ्यायच्या. पुढे कधी दगड आले तर तेही मीच घ्यायचे." त्यांनी काचेतून आत पाहिलं. सरनोबत करड्या सुटाची हनुवटी दोन बोटांनी वर करत होते. "आणि हा कोण तुमचा?"

"हा माझा मिक्शा."

"छे," ते म्हणाले. "मला लहान मुलीचा आवाज एवढा चांगला काढता येत नाही."

आत फ्लॅश उडाला. ते दोघं बाहेर आले. आम्ही हवेबद्दल बोलायला लागलो.

सरनोबत एप्रिलात गेले आणि पंधरा दिवसांनी काचेचे सहा पेले, एक मफलर आणि बरीच मतं घेऊन आले. साडूचं सिंगापूर तेव्हापासून ताटाबाहेर गेलं. 'माझे चेक दिवस' या विषयावर त्यांनी जिल्ह्यात चौदा भाषणं दिली. मी त्यातल्या तीन भाषणांना गेलो. चांगली होती. मला कुठे जायचं होतं हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, त्यामुळे त्यांच्याकडे माझं काही निघत नाही.

हाव्रान सत्त्याऐंशीत गेले. मला ते एक्क्याण्णव साली कळलं. तोवर तिथलं सरकार गेलं होतं, आणि मिक्शांनी मला एका वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. बंदीतल्या लेखकांची कामं कुणी कुणी स्वतःच्या नावावर खपवली, त्यांची यादी. हाव्रान पहिले, आणि त्यांच्या नावासमोर, त्यांचं नाव वीस वर्षं खाल्लं म्हणून, ओताकार मिक्शा. पैशांची देवाणघेवाण पावतीशिवायच व्हायची, तशीच झाली होती. करार तोंडी होता, आणि त्यातलं एक तोंड मिटलेलं होतं. सोबत मिक्शांच्या चार ओळी. 'बातमीत खोटं काही नाही. मी ते लिहिलं नव्हतंच. तुम्ही काही करू नका. ठरलेलंच होतं.'

मी केलं. त्या वर्तमानपत्राला लिहिलं, की मिक्शांनी ते नाव खाल्लं नाही, वाहिलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं, फार सभ्य. त्यांच्याकडे आता गुप्त पोलिसांचे जुने अहवाल उघडे झाले आहेत. त्यातल्या एकात, कोल्हापूर, सहा डिसेंबर एक्याऐंशी, श्री. चौगुले यांनी मुंगीची कल्पना आपण स्वतः मिक्शा यांना दिल्याचं सर्वांसमोर सांगितलेलं आहे. तेव्हा श्री. चौगुले यांनी आधी स्वतःचं नक्की काय ते ठरवावं.

सरनोबत दोन हजार तीन साली गेले. अग्रलेखाशेजारी फोटोसह मजकूर आला, 'चेक बालचित्रपट मराठीत आणणारे'. तो फोटो त्यांच्याच स्टुडिओतला, चांगला आला होता.

मिक्शा त्याच्या आधी, शहाण्णवच्या फेब्रुवारीत. मला पोस्टाने काळ्या चौकटीचं कार्ड आलं. पत्ता त्यांच्या मुलीने लिहिला होता, कोल्हापूरचं प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढून. कार्डावर त्यांच्या नावाखाली छापलं होतं: पती, वडील, आजोबा, गळाने मासे धरण्याचे शौकीन. लेखक असं कुठे नव्हतं.

हाव्रानना त्यांचं नाव परत मिळालं, सरनोबतांना माझं मिळालं, मला एक हिरवी टोपी होती ती आहेच. किंमत भरली ती मिक्शांनी, आणि पूर्ण भरली.

असं कार्ड आपल्याकडे वाचून दारातच फाडतात. मी फाडलं नाही, टोपीत घालून ट्रंकेत ठेवलं आहे. ते घरात ठेवल्याचं जे काही भोगायचं असेल, ते माझ्या नावावर टाका.